उत्तर १० जूल! साउंडिंगवरून केप काढताना माझं काय चुकतंय?

संत्रानगरी (धागाकर्ता)

राजेहो, दोन रात्री गेल्या यात. आता लाज सोडून विचारतो.

मे महिना, नागपूर. दुपारी चार वाजता गच्चीवर जावं तर आभाळ आग ओकत असतं, आणि साडेपाचला त्याच आभाळात फुलकोबीचे गड्डे. कधी धो धो वळीव, कधी नुसती धूळ आणि दोन टपोरे थेंब. हे सकाळीच कळेल का, या खाजेपोटी पायथॉन शिकायला घेतलं. सोनेगावहून हवामान खात्याचा फुगा सुटतो, त्याचे वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे (यालाच साउंडिंग म्हणतात) वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर फुकट मिळतात. स्टेशन क्रमांक ४२८६७. ते उतरवायचे, दाब, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) असे तीन कॉलम काढायचे, मेटपाय नावाच्या लायब्ररीला द्यायचे आणि केप काढायचं. एवढाच प्रकल्प.

केप ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीलगतची थोडी हवा मनातल्या मनात उचलायची. हिला 'पार्सल' म्हणतात. वर जाताना ती थंड होते: कोरडी असेपर्यंत दर किलोमीटरला ९.८ अंश, आणि वाफेचं पाणी व्हायला लागलं की त्याहून सावकाश, कारण वाफ आपली उष्णता परत करते. इतकं करूनही ती भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहिली तर पुढे ढकलावं लागत नाही, कढईतल्या भज्यासारखी आपसूक वर येते. या प्रवासात दर किलो हवेमागे तिला जेवढी ऊर्जा मिळेल ते केप. आणि आपसूक वर येण्याआधी जो अडथळा ओलांडायला लागतो तो सिन.

गेल्या आठवड्यातली एक सकाळ घेतलीये. मोजताना सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत आणि मधले बरेच थर गाळलेत. दाब (हेक्टापास्कल), मग तापमान, मग दवबिंदू (दोन्ही सेल्सिअस):

१००० : रिकामं, रिकामं (नुसती उंची दिलीये)
९७० : २८, १८
८५० : २७, १३
७०० : ११, ३
६०० : २.५, −८
५०० : −७, −२०
४०० : −१८, −३५
३०० : −३३, −५०
२०० : −५४, रिकामं
१५० : −६७, रिकामं

माझ्या कोडचं उत्तर: १० जूल प्रति किलो. दहा! साइटवर पानाच्या तळाशी त्यांनीच काढलेलं केप असतं, ते काही शे आहे. कोड इथे चिकटवला असता, पण इथला एडिटर मोकळ्या जागा खातो आणि पायथॉनचा जीव मोकळ्या जागेतच असतो. म्हणून काय हवं ते विचारा, शब्दांत सांगतो.

चहाबाज

दहा जुलात चहाचा कपसुद्धा कोमट होणार नाही.

बाकी मोबाइलवर अॅप असताना हा उपद्व्याप कशाला? माझं अॅप 'पाऊस ६० टक्के' म्हणतं. पडला तर अॅप बरोबर, नाही पडला तरी अॅप बरोबर.

पायथॉनी

धागाकर्ते, १००० ची ओळ रिकामी आहे. तिचं काय केलंत? ओळ उडवलीत का भरलीत?

संत्रानगरी

भरली. रिकाम्या जागांवर एरर येत होती. पांडाजमध्ये (पायथॉनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) 'बी-फिल' असतं ना, पुढच्या ओळीतला आकडा मागे ओढणारं, ते लावलं. एरर गेली.

पायथॉनी

एरर गेली आणि चूक आत राहायला आली.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर वर. तिथे जमिनीवरचा दाबच ९७० च्या आसपास असतो. म्हणजे १००० हेक्टापास्कलची पातळी सोनेगावच्या जमिनीच्या खाली आहे. १००० हा ठरलेल्या पातळ्यांपैकी एक, म्हणून त्याची ओळ छापतात, हिशोबाने काढलेली उंची देतात आणि बाकीचे रकाने मोकळे सोडतात. तिथे हवा नाहीच, मुरूम आहे.

तुमच्या बी-फिलने काय केलं? ९७० वरचे २८ आणि १८ उचलून १००० वर ठेवले. तुमचं पार्सल जमिनीखालून निघालं. २८ अंशांची हवा १००० वरून ९७० वर येईपर्यंतच अडीच-पावणेतीन अंश थंड होते. म्हणजे खरी हवा २८ ची, तुमची जमिनीपर्यंत पोचतानाच साधारण सव्वापंचवीस. या नुकसानीतून ती पुढे सावरत नाही. ५०० वर खरं पार्सल −५.१ ला पोचायला हवं, तुमचं −६.९ ला पोचतं, आणि बाहेर −७ आहे. म्हणून दहा जूल.

उपाय: ज्या ओळीत तापमान, दवबिंदू, वारा यातलं काहीच नाही ती ओळ उडवा. पांडाजच्या 'ड्रॉप-एन-ए'ला 'हाऊ बरोबर ऑल' सांगा. मेटपायच्या उदाहरणांत ती ओळ असते, सगळे ती कॉपी करतात आणि का आहे ते कुणी विचारत नाही.

संत्रानगरी

जमिनीखालून पार्सल. घरच्यांना वाचून दाखवलं, हसून पुरेवाट.

ओळ उडवली. आता ३३५ येतंय. धन्स! धागा संपला म्हणायचा.

निवृत्त_पेन्सिल

एवढ्यात संपवू नका.

मी पूर्वी हेच काम हाताने करत असे. फुग्याचे आकडे ज्यावर मांडतात त्या आलेखांपैकी आपल्याकडे स्क्यू-टी नव्हे, टी-फाय-ग्राम वापरायची पद्धत होती. गुलाबी-हिरव्या रेषांचा कागद, टोकदार पेन्सिल, आणि साडेपाचच्या फुग्याचे आकडे हाती आले की तासाभरात वक्र काढून साहेबांपुढे. पुण्यात शिवाजीनगरला उतरणाऱ्यांना 'सिमला ऑफिस' माहीत असेल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. आता स्टॉपचं नाव उरलंय, ते का हे कंडक्टरलाही ठाऊक नसतं. असो, अवांतर झालं.

तुमचे आकडे मी कागदावर घेतले. माझ्याकडे ३७५ येतं, तुमच्याकडे ३३५. पेन्सिलीच्या जाडीने एवढा फरक पडतो, म्हणून आत्ता सोडून देतो. महत्त्वाचं वेगळंच आहे. तुम्ही केप बघताय, ८५० कडे बघा. तुमचं पार्सल तिथे पोचतं तेव्हा १७ अंशांवर आलेलं असतं. बाहेर २७ आहे. दहा अंश थंड. अशी हवा वर कशाला जाईल? ती खाली बसेल. सहाशेच्या आसपास कुठे ती बाहेरच्या हवेशी बरोबरी करते. तुमचं सिन काढून बघा, उणे सहाशेच्या पलीकडे असेल.

ह्याचं कारण घड्याळात आहे. साइटवर '०० झेड' लिहिलंय ना? म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. त्या वेळी जमीन रात्रभर थंड झालेली असते आणि तिच्यालगतची हवाही. पहाटेच्या थंड हवेला उचलून तुम्ही संध्याकाळच्या वळिवाचा जाब विचारताय.

आम्ही काय करायचो? दुपारचं अपेक्षित कमाल तापमान घ्यायचो आणि तळाचा बिंदू तिथे सरकवायचो. वरची हवा दिवसभरात फारशी बदलत नाही असं धरायचं. तुमच्या सोनेगावला ४० धरा, दवबिंदू तोच १८. ढगाचा तळ तोंडी निघतो: तापमान आणि दवबिंदू यांत जेवढे अंश फरक, गुणिले १२५, तेवढे मीटर. २२ गुणिले १२५, म्हणजे २,७५० मीटर. तिथला दाब साधारण ७०८.

आता पुढचं. दोन पातळ्यांमधलं केप म्हणजे २८७ गुणिले सरासरी तापमान-फरक गुणिले लॉग (खालचा दाब भागिले वरचा). नैसर्गिक लॉग, दहाचा नव्हे. पार्सल बाहेरच्यापेक्षा किती गरम ते मी रेषेवरून वाचलं: ७०० वर १.५ अंश, ६०० वर ४.५, ५०० वर ६.८, ४०० वर ८.२, ३०० वर ८.८, २०० वर ६.६, १५० वर २.२.

७०० ते ६०० : १३३
६०० ते ५०० : २९६
५०० ते ४०० : ४८०
४०० ते ३०० : ७०२
३०० ते २०० : ८९६
२०० ते १५० : ३६३

बेरीज २,८७०. १५० च्या वर थोडं आहे, ते किरकोळ.

पहाटे ३७५ आणि दुपारी २,८७०. फुगा तोच.

मांडवीकाठ

काका, लोटांगण! वाखू (वाचनखूण) साठवली.

संत्रानगरी

काका, सलाम. तुमच्या सांगण्याप्रमाणे ९७० वर ४० टाकून कोड चालवला.

१,६११ आलं.

२,८७० आणि १,६११ मधला फरक पेन्सिलीच्या जाडीचा नाही ना बाप्पा?

टेक्सासकर

डॅलसहून वाचतोय. तुमच्याकडे रात्र आहे, तोवर एक सुचवतो. शार्प-पाय म्हणून एक मोफत प्रोग्रॅम आहे. नॉर्मन, ओक्लाहोमाच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरची मंडळी वापरतात त्या पद्धतीचं पूर्ण पान तो काढून देतो: आलेख, केप, शिअर (उंचीनुसार वाऱ्यातला बदल), सगळं एका ठिकाणी. तुमचे आकडे त्याच्या साच्यात बसवून टाका आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा.

बाकी काकांनी सांगितलेला ८५० वरचा गरम थर वाचून ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. आमच्याकडे मेक्सिकोच्या पठारावरची तापलेली कोरडी हवा आखाताच्या दमट हवेवर येऊन बसते. इथे त्याला सरळ 'कॅप' म्हणतात, म्हणजे झाकण. कुकरच्या शिट्टीसारखं आहे ते. झाकण नसतं तर सकाळी अकरालाच फुसफुस होऊन सगळं संपलं असतं. झाकण घट्ट असलं की दिवसभर निरभ्र. मधल्या मापाचं असलं की चार वाजता जे उडतं ते बघायला लोक गाड्या काढून निघतात. मी दोनदा गेलोय. बायकोने तिसऱ्यांदा जाऊ दिलं नाही.

पायथॉनी

१,६११ चं उत्तर काकांच्याच यादीत आहे. पहिल्या चार ओळींची बेरीज करा.

१३३ अधिक २९६ अधिक ४८० अधिक ७०२.

संत्रानगरी

१,६११. अरे देवा. म्हणजे कोड ३०० वर थांबतोय? काऊन?

पायथॉनी

कारण २०० आणि १५० वर तुमच्याकडे दवबिंदू नाही. मेटपायचं केप-सिन फंक्शन सुरुवातीलाच, जिथे दाब, तापमान, दवबिंदू आणि पार्सलचं तापमान या चारपैकी एकही आकडा रिकामा आहे ती पूर्ण पातळी गाळून टाकतं. तापमान असलं तरी दवबिंदू नाही म्हटल्यावर पातळी गेली. मग त्याला पार्सल आणि बाहेरची हवा पुन्हा भेटतात ती वरची पातळी सापडत नाही, आणि ते हाती असलेल्या शेवटच्या आकड्यापर्यंत मोजून मोकळं होतं. तक्रारही करत नाही.

बी-फिलनेही तिथे मदत केली नाही, कारण मागे ओढायला वर काही नव्हतंच. खाली नको तिथे भरलं, वर हवं तिथे नाही.

सकाळच्या ३३५ आणि ३७५ मधला फरकही हाच. तेव्हा ३०० च्या वर थोडंच केप होतं म्हणून चाळीसवर भागलं. दुपारी तिथे १,२५९ दडलेलं होतं. काकांनी पेन्सिलीवर आळ घेतला, पण पेन्सिल बरोबर होती.

इतक्या उंचीवर −५० च्या खाली हवेत वाफ असते ती नगण्य. म्हणून रिकाम्या दवबिंदूच्या जागी तापमान वजा ३० असा खोटा कोरडा आकडा भरा. हिशोबाला धक्का लागत नाही आणि पातळी टिकते. फक्त वरच्या बाजूला. खाली मध्येच दवबिंदू नसेल तर तो फुगा सोडून द्या, दुसऱ्या दिवसाचा घ्या.

आणि कृपा करून दरवेळी आलेख काढा. स्क्यू-टीवर पार्सलची रेषा ३०० वर तुटलेली दिसली असती तर हा प्रतिसाद लिहावा लागला नसता.

निवृत्त_पेन्सिल

पेन्सिलीची निर्दोष मुक्तता झाली, आभारी आहे. पायथॉनीताई की पायथॉनीदादा, जे असाल ते, तुमच्या नजरेला दाद देतो.

पायथॉनी

ताई. :)

मांडवीकाठ

आता माझे दोन पैसे. मी गोव्याचं साउंडिंग बघते, पणजी, ४३१९२. आमच्याकडे समुद्रच दारात असल्यामुळे १००० ची ओळ बहुतेक वेळा खरी असते, त्यामुळे संत्रानगरींचा मुरूम मला कधी लागला नाही. पण मला वेगळाच विंचू चावला होता. साइटवर केप दोन दिलेली असतात, एक साधं आणि एक व्हर्च्युअल तापमानाचं. मी महिनाभर माझं साधं उत्तर त्यांच्या दुसऱ्या आकड्याशी ताडत बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या.

व्हर्च्युअल तापमान म्हणजे काय ते सांगते. दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. किती ते मोजायला एक युक्ती: दमट हवेला थोडं जास्त तापमान 'दिलं' असं समजायचं. किलोमागे १८ ग्रॅम वाफ असेल तर हे ज्यादा तापमान तीन अंशांच्या वर जातं. पार्सल दमट आणि बाहेरची हवा कोरडी असेल तर पार्सलला याचा फायदा होतो. केप थोडं वाढतं आणि सिन चांगलंच घटतं. मेटपायची जुनी व्हर्जनं केप काढताना ही दुरुस्ती करत नव्हती, नवी करतात. म्हणजे तोच कोड, तेच आकडे, लायब्ररी अपडेट केली की उत्तर वेगळं. संत्रानगरी आणि काकांची उत्तरं पैशाला पैसा जुळली, म्हणजे संत्रानगरींकडे जुनंच व्हर्जन आहे.

दुसरं म्हणजे ती साइट जमिनीवरचा एकच बिंदू उचलत नाही, तळाच्या ५०० मीटरची सरासरी हवा उचलते. मेटपायमध्ये तिन्ही आहेत: जमिनीवरचं पार्सल, मिसळलेल्या थराचं पार्सल आणि सगळ्यात अस्थिर पार्सल. ईआरए-५ (युरोपीय हवामान केंद्राचा मागच्या हवामानाचा संच) मधलं केप या तिसऱ्या जातीचं. कोणी नुसतं 'केप २,०००' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, कोणत्या हवेचं?

चहाबाज

म्हणजे तीन दुकानांत तीन वजनं. आणि माझ्या अॅपला हसत होतात.

मांडवीकाठ

चहाबाज, वजन तेच हो, तराजूत टाकलेला माल वेगळा.

निवृत्त_पेन्सिल

मांडवीकाठ यांनी सरासरी हवेचा विषय काढला ते बरं झालं, कारण माझ्याच हिशोबात मी एक सवलत घेतली होती आणि कोणी पकडली नाही.

तापमान ४० वर नेलं, पण दवबिंदू पहाटेचाच १८ ठेवला. प्रत्यक्षात तसं होत नाही. जमीन तापली की हवा घुसळली जाते, दोन-अडीच किलोमीटरपर्यंत. वरची कोरडी हवा खाली येते, खालची ओल वर जाते. विदर्भात मे महिन्यात दुपारी दवबिंदू चांगलाच उतरतो, कूलरला त्याचाच तर फायदा मिळतो. धागाकर्त्यांच्या यादीत ७०० वर दवबिंदू ३ आहे, म्हणजे वर कोरडं आहेच. समजा घुसळून दवबिंदू १३ झाला. तापमान तेच ४०.

ढगाचा तळ २७ गुणिले १२५, म्हणजे ३,३७५ मीटर. ५०० वर पार्सल आधी −०.२ ला पोचत होतं, आता −४.२ ला. लिफ्टेड इंडेक्स (५०० वर बाहेरचं तापमान वजा पार्सलचं) उणे सातवरून उणे तीनवर. केप २,८७० वरून सातशेच्या आसपास.

पाच अंश दवबिंदूने तीन-चतुर्थांश केप खाल्लं.

म्हणून आम्ही दुपारी अडीचच्या निरीक्षणाची वाट बघायचो. ओला बल्ब, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर, किती दाखवतो? साहेब कमाल तापमान विचारायचे, आम्ही ओला बल्ब सांगायचो.

टेक्सासकर

काका, हे सोनं आहे.

यात एक पुरवणी. हवामानाचे अंदाज वाचणारे लोक केपला दोनने गुणून वर्गमूळ काढतात आणि 'ढगातला वारा एवढा' म्हणतात. २,८७० चं तसं काढलं तर ७६ मीटर प्रति सेकंद येतं, ताशी पावणेतीनशे किलोमीटर. एवढा झोत प्रत्यक्षात मिळत नाही. पार्सल वर जाताना बाजूची कोरडी हवा ओढून घेतं, पाण्याचं ओझं वाहतं. सर्वसाधारणपणे निम्म्यावर समाधान मानतात.

द्राक्षबाग

नमस्कार. मला यातलं अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. नाशिक जिल्ह्यात बाग आहे. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली होती. घडांवर पडलेले डाग अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. एकच विचारतो: हा आकडा बघून गारा सांगता येतात का? येत असतील तर मी माझ्या पुतण्याला हे पायथॉन शिकवतो.

पायथॉनी

दादा, नुसत्या केपवरून नाही. खोटं सांगून तुम्हाला आशेला लावणार नाही.

मोठ्या गारेला तीन गोष्टी लागतात. जोरदार वर जाणारा झोत, त्यासाठी केप. तो झोत तासभर टिकायला हवा, त्यासाठी जमिनीपासून सहा किलोमीटरपर्यंत वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जायला हवी, ज्याला शिअर म्हणतात. शिअर नसेल तर पडणारा पाऊस स्वतःच्याच झोतावर पडतो आणि ढग अर्ध्या तासात आटपतो. आणि तिसरं, शून्य अंशाची पातळी. संत्रानगरींच्या यादीत ती पावणेपाच किलोमीटरच्या आसपास येते. गार तिथून खाली येताना वितळत येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी मेपेक्षा खाली असते आणि वर पश्चिमेचा जोरदार वाराही असतो. म्हणून केप कमी असूनही ते दिवस द्राक्षांना जास्त वाईट.

हे तिन्ही साउंडिंगमधून निघतं, पण एका फुग्यावरून तुमच्या गटावर गार पडेल का शेजारच्या, हे कोणीही सांगू शकणार नाही. फुगा एका जागचा, सकाळचा. नाशिकला सगळ्यात जवळचे फुगे मुंबई नाहीतर औरंगाबादचे, आणि घाटाच्या दोन बाजूंना हवाच वेगळी. त्या दिवसापुरतं हवामान खात्याचा तीन तासांचा नाउकास्ट आणि रडार बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप मोबाइलवर ठेवा, मजुरांच्याही.

पुतण्याला पायथॉन मात्र जरूर शिकवा.

द्राक्षबाग

सरळ सांगितलंत, बरं वाटलं. पुतण्या धागा वाचतोय. तो विचारतो, के इंडेक्स म्हणून काय असतं?

संत्रानगरी

हे मी सांगतो, मला एवढंच पहिल्या फटक्यात जमलं होतं. यात पार्सल-बिर्सल उचलायचं नाही, नुसती वजाबाकी. ८५० चं तापमान वजा ५०० चं, अधिक ८५० चा दवबिंदू, वजा ७०० वर तापमान आणि दवबिंदूतला फरक. माझ्या यादीत: २७ वजा उणे ७ म्हणजे ३४, अधिक १३, वजा ८. उत्तर ३९. गडगडाटी पावसाला अनुकूल, असं पुस्तकात लिहिलंय.

गंमत बघा, पहाटे सिन उणे सहाशे आणि के इंडेक्स म्हणतो अनुकूल. कारण तो ८५० च्या खाली बघतच नाही.

मांडवीकाठ

आणि पावसाळ्यात आमच्याकडे तो रोजच चढलेला असतो, कारण सगळी हवाच ओलीचिंब. पावसाळी साउंडिंग एकदा आलेखावर काढून बघा. बाहेरच्या हवेची रेषा पार्सलच्या रेषेला जवळजवळ चिकटून वर जाते, अंगाला चिकटलेल्या ओल्या सदऱ्यासारखी. केप पसरट नसतं, उंच आणि बारीक असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तसला पाऊस नुसत्या केपच्या चौकटीत बसत नाही. तिथे ओलाव्याचा अखंड पुरवठा बघायला लागतो. हा धागा वळिवाचा आहे, त्यामुळे थांबते.

चहाबाज

अवांतर: सिमला ऑफिसचा स्टॉप मी दहा वर्षं वापरला. मला वाटायचं सिमल्याचं टूर बुकिंग होतं तिथे.

संत्रानगरी

आजचा हिशोब मांडतो.

सकाळी सात वाजता पहाटेच्या फुग्याचे आकडे उतरवले. १००० ची ओळ उडवली, वरचे दवबिंदू तापमान वजा ३० ने भरले, आलेख काढला, पार्सलची रेषा वरपर्यंत अखंड. मग कोडमध्ये एक तक्ता केला: आडवे रकाने दुपारच्या तापमानाचे, ३८ ते ४३, उभे दवबिंदूचे, १२ ते २०. प्रत्येक चौकटीत केप. पायथॉनने चोपन्न चौकटी चहा होईपर्यंत भरल्या. काका, तुम्हाला किती कागद लागले असते?

दुपारी अडीचला घरीच ओला बल्ब केला. साधा थर्मामीटर, टोकाला शिवणकामाच्या डब्यातली मलमलची चिंधी, वाटीत पाणी, पुढे टेबल फॅन. दोन्ही आकडे मेटपायला दिले, दवबिंदू १४ आला. तापमान ४१. तक्त्यातली चौकट हजाराच्या खाली.

पाच वाजता पश्चिमेला एक गड्डा उठला. चांगला उंच गेला, वर थोडा पसरला. त्याच्या बुडातून पावसाची करडी झालर लोंबताना दिसत होती, पण ती जमिनीपर्यंत येत नव्हती, मध्येच विरत होती. साडेपाचला वारा सुटला. वाळत टाकलेले पापड आईने पदरात गोळा केले, दोन शेजारच्यांच्या अंगणात गेले. धूळ, आणि गच्चीवर मोजून अकरा थेंब.

निवृत्त_पेन्सिल

तळ सव्वातीन किलोमीटरवर आणि खाली सगळी कोरडी हवा, मग पाऊस वाटेतच आटणार. आटताना ती हवा थंड होऊन जड होते आणि दाणकन खाली येते. तुमचे पापड त्याने नेले. पहाटेच्या आलेखात खाली तापमान आणि दवबिंदूच्या रेषा उलट्या 'व्ही'सारख्या दिसल्या असतील, बघा.

कागद दोन लागले असते. चोपन्न चौकटी आम्ही कधी भरल्याच नसत्या, चार भरल्या असत्या. तो तक्ता मला पाठवाल का? छापून घेतो.

संत्रानगरी

पाठवतो काका. उलटा 'व्ही' आहे, आत्ता बघितला.

आणि व्हर्जन अपडेट केलं. सगळे आकडे बदललेत. उद्या नवा धागा काढतो.